मंडळी सुटली, मित्र उरले

ख्रिस्ती समाजांत चर्चच्या सभासदांस 'मंडळी' म्हणतात. बाहेरून पाहणारास ती रविवारच्या उपासनेपुरती वाटते. वस्तुतः विवाह, मर्तिक, आजारपणांतील विचारपूस, मुलांचें वळण हें सर्व तिच्या आधारानेंच चालतें. म्हणून मतभेदामुळें जो तिच्यांतून बाहेर पडतो, त्याची श्रद्धा शाबूत राहिली तरी ओळखीचीं माणसें दुरावतात. अशा वेळीं जुन्या मित्रांचें मोल काय असतें, हें जॉन हेन्री न्यूमन यांच्या चरित्रावरून चांगलें कळतें. तेंच आज श्रोत्यांपुढें ठेवितों.

न्यूमन १८२८ पासून ऑक्सफर्ड येथील सेंट मेरीज चर्चचे धर्मोपदेशक होते. त्या काळीं तेथील विद्यापीठ व इंग्लंडचें सरकारमान्य चर्च हीं एकजीव होतीं. चर्चचीं ३९ कलमें मान्य केल्यावांचून विद्यार्थ्यास प्रवेशसुद्धां मिळत नसे. धर्ममत बदललें कीं पद, निवास आणि स्नेही एकदमच जात. आपल्याकडे वाळीत टाकीत, त्याची येथें कोणास आठवण होईल. पण येथें पंचायत बसत नाहीं, माणसें आपोआप दूर होतात. आणि तें अधिक बोचत असावें.

२५ सप्टेंबर १८४३ रोजीं लिटलमोरच्या लहानशा चर्चमध्यें न्यूमन यांनीं जुन्या पंथांतील आपलें शेवटचें प्रवचन केलें. विषय होता, मित्रांचा वियोग. ९ ऑक्टोबर १८४५ रोजीं ते रोमन कॅथलिक पंथांत गेले. पुढें बर्मिंगहॅम येथें त्यांना नवे सहकारी मिळाले, कामहि मिळालें. परंतु या सहकाऱ्यांस ठाऊक होते ते चव्वेचाळिशीनंतरचे न्यूमन. त्यांचें तारुण्य पाहिलेलीं माणसें पलीकडे राहिलीं होतीं.

याचा प्रत्यय १८६४ सालीं आला. चार्ल्स किंग्स्ले यांनीं त्यांच्या सत्यनिष्ठेवरच शिंतोडे उडविले. उत्तरादाखल न्यूमन 'अपोलोजिया' हें आत्मवृत्त लिहूं लागले, तेव्हां वीस-तीस वर्षांपूर्वींच्या गोष्टी पडताळून कोण देणार? जॉन कीबल, फ्रेडरिक रॉजर्स आणि रिचर्ड चर्च (आडनांवच तसें!) या जुन्या स्नेह्यांनीं तें काम केलें. तिघेहि जुन्या पंथांतच होते. रॉजर्स यांनीं तर १८४३ सालीं संबंध तोडला होता. पुढें १८६५ मध्यें त्यांनीं व चर्च यांनीं मिळून न्यूमन यांना एक व्हायोलिन भेट दिलें. वाद्यासाठीं धर्ममत जुळावें लागत नाहीं!

त्याच वर्षीं सप्टेंबरांत न्यूमन हर्स्ली येथें कीबल यांच्या दारीं गेले. दारांत उभे असलेले कीबल यांनीं त्यांना ओळखलें नाहीं, त्यांनींहि कीबल यांना ओळखलें नाहीं. तिसरे मित्र एडवर्ड प्यूसी तेथें आलेलेच होते. तिघे म्हातारे एकत्र जेवले. मतभेद मिटला नव्हता. प्यूसींच्या ग्रंथास न्यूमन यांनीं थोड्याच महिन्यांत जाहीर उत्तर छापलें. मैत्री टिकवावयाची म्हणून वादाचा विषयच काढूं नये, असें पुष्कळ सभ्य गृहस्थ मानतात; या तिघांस तशी गरज वाटली नाहीं. कीबल पुढच्या मार्चमध्यें वारले.

१८७१ सालीं न्यूमन यांनीं ऑक्सफर्डमधील आपल्या प्रवचनांची नवी आवृत्ति काढली, ती रिचर्ड चर्च यांना अर्पण करून. चर्च त्याच वर्षीं लंडनच्या सेंट पॉल्सचे डीन झाले होते. दोघेहि १८९० मध्येंच निवर्तले, न्यूमन ऑगस्टांत आणि चर्च डिसेंबरांत.