इयत्ता एक, पायऱ्या पाच

वसई-विरारमध्ये एकाच वर्गात घरी वाडवळी, कादोडी, वारली किंवा हिंदी बोलणारी मुलं असू शकतात. प्रत्येकाच्या कलाने शिकवायचं, तर सुरुवात अशी करा:

■ चाचपणी : एकेकाला जवळ बसवून वाचून घ्या. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणातल्या वाचनाच्या पायऱ्या सोप्या आहेत : प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट.

■ गट : रोज तासभर पायरीनुसार बसवा. शब्दांवर अडलेल्यांना दुकानांच्या पाट्या, एसटीचे फलक वाचायला द्या. गोष्ट वाचणाऱ्यांना तिचा शेवट बदलून लिहू द्या.

■ फेरबदल : मूल पुढे सरकलं की गट बदला. ‘ढ’ हा शिक्का कुणावरच नको.

■ वारसा : मुलांच्या कलाने शिकवणं इथे नवं नाही. वसई-विरारच्याच जिल्ह्यात, बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली.