पुराणवृक्षांची जमाबंदी

पुण्याच्या एम्प्रेस उद्यानात, किंवा १८७३ साली स्थापन झालेल्या गणेशखिंडीच्या वनस्पतिउद्यानात, एखाद्या महावृक्षाच्या दर्शनास जाणाऱ्या जिज्ञासूचे काम सुकर असते. कारण तेथे वृक्षाच्या भोवती उद्यानाचे कुंपण असते, त्याचे नाव जाणणारी माणसे असतात, आणि त्याच्या पालनपोषणाची जबाबदारी शिरावर घेतलेली एक संस्था असते. भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड या दोन तालुक्यांत मात्र पुराणवृक्ष पाहावयाचे तर देवळाच्या पारावर, नदीच्या दरडीवर, गावठाणाच्या शिवेवर आणि शेताच्या बांधावर जावे लागते. आणि तेथे वृक्षाचा इतिहास सांगावयास पाटी नसते, वृद्ध असतात.

हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पश्चिमेस घाटमाथ्यावर आभाळ फाटते तेव्हा येथे ढग नुसते डोक्यावरून जातात, आणि वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पदरात पडतो. अशा भूमीत जो वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला त्याच्या मुळांनी खोलवरच्या ओलाव्याशी, आणि त्याच्या छायेने भोवतालच्या माणसांशी, काही कायमचा करार केलेला असला पाहिजे. चिंचेने तो येथे फार उत्तम रीतीने निभावला आहे. मूळची ही आफ्रिकेतली. परंतु इतक्या प्राचीन काळी ती आपल्याकडे आली की तिला परकी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

शिरूर तालुक्यात कान्हूर मेसाईच्या शेजारी मोराची चिंचोली नावाचे जे गाव आहे, त्याची कीर्ती आज मोर पाहावयास येणाऱ्या पर्यटकांमुळे झाली असली, तरी मोर तेथे वस्तीला राहिले ते चिंचांच्या आधाराने. दिवसभर रानात दाणे आणि किडे टिपणारा हा जड देहाचा पक्षी रात्री उंच, सुरक्षित फांदी शोधतो. ती त्याला या झाडांनी दिली. चिंचांची ही लावणी पेशवाईतली, अशी गावाची परंपरा आहे. राजगुरुनगरकडून चिंचोलीस जाताना वाटेत पाबळ लागते, जेथे १७४० साली मरण पावलेल्या मस्तानीची कबर आहे, आणि हे गाव पेशव्यांनी तिला इनाम दिले होते, हे ध्यानी घेता या परिसराशी पेशव्यांचा संबंध जुना व निकटचा होता यात शंका उरत नाही. परंपरेची शहानिशा करावयाची तर मार्ग पुण्याच्या पेशवे दफ्तराकडेच जातो. कारण उष्ण कटिबंधातील वृक्षांची वार्षिक वलये भरवशाची नसतात, आणि अतिवृद्ध चिंचेचा गाभा बहुधा पोखरून पोकळ झालेला असल्यामुळे मोजावयास वलयेच शिल्लक राहत नाहीत.

चिंचोलीस जाणाऱ्याने पहाटे जावे, आणि मोर पाहून झाल्यावर लगेच परतू नये. एखाद्या जुन्या खोडाशी उभे राहून छातीच्या उंचीवर त्याचा घेर मोजावा. खडबडीत, भेगाळलेली साल पाहावी. माघ-फाल्गुनात गेल्यास गाभुळलेल्या चिंचांचा आंबट वास घ्यावा. खेड्यात अशा झाडाचे उत्पन्न हा पुष्कळदा लिलावाचा विषय असतो, झोडलेल्या चिंचेचा गर, चिंचोके आणि टरफल यांचा वेगवेगळा हिशेब असतो. आणि माझे मत असे की चिंचेच्या खाली निजू नये हा लोकसमज आणि चिंचेपासून मिळणारा पैसा या दोहोंनी मिळून तिला कुऱ्हाडीपासून जितके राखले, तितके कोणत्याही फर्मानाने राखले नाही.

दौंडकडची कथा निराळी आहे. तेथे १८९० नंतरच्या दशकात पंडिता रमाबाईंनी केडगावास जमीन घेतली ती फळबाग करून तिच्या उत्पन्नावर आपले कार्य स्वावलंबी करावे या हेतूने. पुढे दुष्काळग्रस्त स्त्रियांच्या आश्रयासाठी तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. वृक्षाकडे संस्थेचे भांडवल म्हणून पाहण्याचा हा विचार किती दूरदृष्टीचा होता! परंतु खडकवासल्याच्या कालव्याने दौंडात आणि चासकमानच्या कालव्याने शिरूरमध्ये ऊस आला, तेव्हा बांधावरच्या झाडाची सावली हीच त्याची आपत्ती झाली. सावलीत ऊस वाढत नाही, म्हणून झाड गेले. तुकोबांची पालखी यवत-वरवंडवरून ज्या वाटेने जाते त्या मार्गाची रुंदी वाढविताना वारकऱ्यांना सावली देणारी झाडेही धारातीर्थी पडली.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील वृक्षविषयक आज्ञेचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, आणि तो सर्वथा योग्यच आहे. रयतेने लेकरांसारखी वाढविलेली झाडे जुलमाने तोडू नयेत, हा तिचा आशय. पण तीच आज्ञा जीर्ण होऊन कामातून गेलेले झाड धन्यास राजी करून, मोल देऊन, नेण्यास मुभा देते. जीर्णत्वाचा स्वतंत्र मान तिच्यात नाही. तो विचार आपल्या काळाने करावयाचा आहे.

तो केला काय? १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्रातील वृक्षसंवर्धन कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडास ‘हेरिटेज’ वृक्षाचा दर्जा मिळाला. पण कायदाच नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या हद्दीपुरता. म्हणजे शिरूर वा दौंड शहरातील साठ वर्षांच्या शिरीषास जे कवच आहे, ते चिंचोलीच्या शतायुषी चिंचेस नाही. तिला १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाचा आधार आहे, कारण अनुसूचीत चिंच, आंबा, जांभूळ यांची नावे आहेत. वड आणि पिंपळ मात्र तिच्याबाहेर आहेत, त्यांचा सांभाळ श्रद्धेवर सोपविलेला. मोराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे सर्वोच्च संरक्षण, आणि ज्या फांदीवर तो रात्र काढतो तिच्या वयाची साधी नोंदही सक्तीची नाही, ही विसंगती मला असह्य वाटते.

हावड्याच्या वनस्पतिउद्यानातील अडीचशेहून अधिक वर्षांच्या महावटाचे मूळ खोड बुरशीने ग्रस्त झाल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले, आणि तरीही तो पारंब्यांवर उभा आहे, हे आपल्याला सालासकट ठाऊक आहे ते तेथे दफ्तर होते म्हणून. तसे दफ्तर आपल्या गावांनाही ठेवता येते, आणि त्यासाठी नवा कायदा नको. २००२ च्या जैवविविधता अधिनियमानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची. गणेशखिंडीच्या उद्यानास २०२० साली जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला तो याच अधिनियमाखाली. वाचकांपैकी ज्यांचे गाव शिरूर वा दौंडात असेल त्यांनी येत्या ग्रामसभेत एवढेच मागावे: गावातील जुन्या झाडांची जात, घेर, जागा, मालकी, आणि वृद्धांनी सांगितलेली हकीकत त्या नोंदवहीत उतरवून घ्यावी, आणि तिच्यावर सरपंचाची सही व तारीख असावी.