बर्फ आधी रस्त्याकडेला वितळतो

अस्तानाहून नैर्ऋत्येला कोर्गाल्झिन गावाकडे जाणारा रस्ता साधारण १३० किलोमीटरचा. एप्रिल लागता लागता या वाटेला लागलेल्या पक्षीनिरीक्षकाला लवकरच कळून चुकतं, की लांब बघण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत गेल्या वर्षीचं वाळकं गवत आणि त्यावर ठिगळाठिगळांनी उरलेला बर्फ. पक्षी मात्र गाडीच्या चाकांपासून पाच-दहा मीटरवर, रस्त्याच्या कडेला. काळं डांबर ऊन शोषतं, हिवाळाभर बर्फ हटवून कड मोकळी ठेवलेली असते, त्यामुळे कझाकस्तानच्या या गवताळ प्रदेशात, म्हणजे स्टेपमध्ये, जमीन उघडी पडते ती आधी इथंच. बी टिपायला दुसरीकडे जागाच नसते.

त्यात पहिला मान काळ्या चंडोलाचा. आपल्याकडचे चंडोल मातकट, ढेकळांत बसले तर दिसतही नाहीत. हा नर मात्र कोळशासारखा काळा, फिकट पिवळसर चोचीचा. शरद ऋतूत त्याच्या नव्या पिसांना फिकट कडा असतात. हिवाळ्यात त्या झिजतात आणि वसंतापर्यंत खालचा काळा रंग उघडा पडतो. म्हणजे विणीचा पोशाख नव्या पिसांतून नव्हे, जुनी झिजून तयार होतो! बहुतेक नर हिवाळाही इकडेच काढतात, माद्या आणखी दक्षिणेला जातात. पुढे घरटं बांधताना मादी त्याभोवती जनावरांच्या वाळक्या शेणाची फरसबंदी करते. शेणाजवळ गुरं चरत नाहीत, म्हणून घरटं तुडवलं जाण्याचा धोका कमी होत असावा, असं एक स्पष्टीकरण आहे.

या कामात गाडी हीच लपण. माणूस खाली उतरला की चंडोलांचा थवा उठलाच. काच खाली करून आत बसलं तर ते गाडीच्या सावलीपर्यंत येतात. इंजिन मात्र बंद हवं, नाहीतर थरथरीनं दुर्बिणीतलं चित्र हलतं. वारा ज्या बाजूनं असेल तिकडची काच उघडली तर डोळ्यांतून पाणी येतं आणि बोटं गारठतात. दुपारी ओल्या जमिनीवरची हवा लहरू लागली की लांबचं काही ओळखणं व्यर्थ. आणि कच्च्या वाटेवर गाडी घालायचा मोह? वितळत्या बर्फाचा चिखल चाकं सहज सोडत नाही.

या सपाटीवर उंच असं जे काही आहे, ते बहुतेक माणसानंच उभं केलेलं. १९५४ पासून सोव्हिएत सरकारनं पडीक स्टेप नांगरायची मोहीम काढली. अस्तानाचं नावही तेव्हा काही काळ त्सेलिनोग्राद, म्हणजे पडीक जमिनीचं शहर, असं होतं. वारा अडवायला लावलेल्या झाडांच्या रांगांत आता रूक कावळ्यांच्या वसाहती आहेत आणि रूकनं सोडलेल्या घरट्यांत पुढे लाल पायांचे छोटे ससाणे अंडी घालतात. विजेच्या खांबांची गोष्ट इतकी सुखाची नाही. गरुडाला टेहळणीला तीच जागा सोयीची. पण लोखंडी आडव्या पट्टीवर बसून पंख पसरताना तारेला स्पर्श झाला की झटका बसतो. म्हणून जाणकार दुर्बीण खांबाच्या टोकावरून बुंध्यापर्यंत फिरवतात. खाली पिसं पडलेली असतात. स्टेप गरुडाची नोंद २०१५ पासून धोक्यातल्या पक्ष्यांमध्ये आहे.

गवतावरून अगदी खाली, डावी-उजवीकडे कलत जाणारा भोवत्याचा राखाडी-पांढरा नर दिसला, तर महाराष्ट्रातला निरीक्षक त्याला लगेच ओळखेल. हे भोवते हिवाळ्यात सोलापूरच्या माळरानांवर असतात. आपल्या ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांना मात्र इकडे पोचायला मे उजाडतो.

गावाजवळ आलं की वेग आणखी कमी करायचा, कारण इथं शोध असतो सोशेबल लॅपविंगचा. काळी टोपी, पांढरी भुवई. आपल्या टिटवीचीच भाऊबंद. २००४ पासून ती अतिसंकटग्रस्त आहे. तिला गवत आखूड लागतं. १९९१ नंतर सामूहिक शेती मोडली, जनावरं घटली, उरलेली गुरं गावाच्या आसपासच चरू लागली. त्यामुळे टिटव्याही गावाच्या वेशीवर येऊन राहिल्या. ज्या गुरांमुळे तिला जागा मिळते, त्यांच्याच खुरांखाली तिची अंडी जातात. त्याहून मोठा घाला स्थलांतराच्या वाटेवरच्या शिकारीचा असावा, असं अभ्यासक मानतात. जोडी जमिनीवर बसलेली दिसली तरी निरीक्षक गाडीतून उतरत नाहीत. दुर्बिणीतूनच अभ्यासकांनी पायात घातलेली रंगीत कडी शोधतात, रंगांचा क्रम टिपतात आणि पुढच्या गावाकडे निघतात.