सूर्यावर सापडलेला वायू

कोकणातील विजयदुर्ग किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतात. १८६८ साली त्याच दिवशी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. तापलेला प्रत्येक वायू प्रकाशाच्या वर्णपटात आपापल्या रेषा उमटवितो. ग्रहणसमयी सूर्याच्या कडेवरील ज्वाळांत एक पिवळी रेषा आढळली. ती सोडियमची नव्हे, हे लॉकियर या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी इंग्लंडमधून ओळखले. त्या अज्ञात मूलद्रव्यास सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हणू लागले. पुढे १८९५ मध्ये रॅम्से यांना ते पृथ्वीवरही गवसले.

लॉकियर यांनी १८६८ चे ग्रहण विजयदुर्गावरून पाहिले, असे पुष्कळ जण मानतात. वस्तुतः ते तेथे आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी! मुलांनो, स्मृतिदिन अवश्य पाळा. परंतु त्यामागील सत्यही पारखून घ्या.