अतिपरिचयात अनाकर्षण

एका ताटात जेवलेल्या, एका गोधडीसाठी भांडलेल्या मुलांना मोठेपणी एकमेकांची शारीरिक ओढ सहसा वाटत नाही, असं एडवर्ड वेस्टरमार्क या फिनिश अभ्यासकाने १८९१ मध्ये मांडलं. जवळच्या नात्यातल्या संततीत सदोष जनुकांच्या जोड्या जुळण्याचा धोका जास्त. त्यावरचा हा उत्क्रांतीचा तोडगा असावा. मेंदू काही रक्त तपासून बघत नाही. लहानपणी जो सतत सोबत, तो भावंड, एवढाच ठोकताळा!

तो फसतोही. तैवानमध्ये तान्ही मुलगी भावी सून म्हणून घरी आणून मुलाबरोबर वाढवायची रीत होती. मानववंशशास्त्रज्ञ आर्थर वुल्फ यांनी जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा दिसलं की नेहमीच्या लग्नांपेक्षा या जोडप्यांत मुलं कमी आणि घटस्फोट जास्त होते.