डबा आणला म्हणजे खोली झाली का?

मलकापूर-नांदुरा-खामगाव हायवेवर किंवा मेहकरजवळ समृद्धीवर नजर टाका, कंटेनर दिसतोच. आपल्या लेखी तो ट्रकवरचा डबा. पण 26 एप्रिल 1956 ला माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने असे 58 डबे ‘आयडियल एक्स’ जहाजावर चढवले आणि जगाच्या व्यापाराची रीतच बदलली. समुद्रावरची नोकरी संपली की याच डब्यांचं दुसरं आयुष्य सुरू होतं.

ठाण्यात तीन हात नाक्याला उड्डाणपुलाखाली 2016 पासून ‘सिग्नल शाळा’ भरते. सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेने ती सुरू केली, तीही कंटेनरमध्ये. पुलाखाली पक्की इमारत कुठे बांधणार? डबा ठेवला, वर्ग भरला. कतारने तर 2022 च्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी 974 कंटेनर वापरून सुटं करता येणारं अख्खं स्टेडियम उभं केलं.

मग आपल्याकडे का नको? गावात एमपीएससीची अभ्यासिका, बसस्टँडजवळ कॅफे, कॉलेजात मुलींसाठी कॉमन रूम... आयडिया भारीच आहे. पण आधी तीन गोष्टी समजून घ्या.

पहिली, ऊन. एप्रिल-मेमध्ये खामगाव-शेगावकडे पारा चाळिशी पार करतो, तेव्हा उघडा लोखंडी डबा म्हणजे तापलेला तवा! उपाय आहेत. डब्यावर फूटभर अंतर सोडून दुसरं छप्पर टाका, मधून वारा खेळू द्या. समोरासमोर खिडक्या ठेवा. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचं कूड किंवा वेल लावा. आतून उष्णतारोधक थर हवाच. कतारच्या त्या स्टेडियममध्येही एसी नव्हता. समुद्राच्या वाऱ्यावर भागवलं आणि सामने संध्याकाळनंतरच ठेवले.

दुसरी, ताकद. एकावर एक रचलेल्या डब्यांचं वजन चार कोपऱ्यांचे खांब पेलतात, पत्रा नाही. मोठी खिडकी कापली की भिंत कमकुवत होते. तिथे लोखंडी चौकट वेल्डिंग करावीच लागते. हे काम सिव्हिलवाल्या मित्राच्या अंदाजाने नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच. आणि आतली लाकडी फळी बघा. कीड लागू नये म्हणून तिला बऱ्याचदा औषध मारलेलं असतं. दारावरच्या पाटीवर त्याची नोंद सापडते. शंका असेल तर फळी बदला.

तिसरी, हिशोब. मुंबईच्या बंदरातून डबा आपल्याकडे यायचा म्हणजे पाचशेच्या आसपास किलोमीटर. त्यात ट्रेलरचं भाडं, उतरवायला क्रेन, वरून कापणं-जोडणं. जागा स्वतःची आणि कायमची असेल तर गावातल्या गवंड्याकडून विटांची खोलीच परवडू शकते. डब्याचा खरा फायदा जागा भाड्याची असेल, उद्या हलवावी लागणार असेल, तिथेच. म्हणून दोन्हींचं एस्टिमेट शेजारी शेजारी मांडा.

आणि एक प्रयोग फुकटात होतो. कॉलेजच्या ग्राउंडवर चुन्याने 20 बाय 8 फुटांचा चौकोन आखा. आतला थर धरून चारी बाजूंनी अर्धा फूट वजा करा. आता टेबल-खुर्च्या मांडून दहा जण तासभर अभ्यासाला बसा. उठताना कोणाची खुर्ची कोणाला लागली, ते लिहून ठेवा. तुमचा पहिला नकाशा तिथूनच सुरू होईल.