बर्फ थांबल्यानंतरचा रस्ता

नाताळची सुट्टी जवळ आली की आपल्या कॅन्टीनमध्ये दरवर्षी एकच बेत शिजतो: मनाली. बर्फ बघायचा, बर्फात फोटो काढायचे. आपण बेळगावची माणसं, घाटाला घाबरत नाही. चोर्ला आणि आंबोली आपण भर पावसात, धुक्यात, दरड कोसळल्याच्या बातम्या ऐकत ऐकत ओलांडलेले असतात. त्यामुळे "घाट तो घाट, तिकडे पावसाऐवजी बर्फ, एवढंच" असं सर्रास बोललं जातं. मी भूगोलाची विद्यार्थिनी. हे वाक्य ऐकलं की मला गप्प बसवत नाही. वाङ्मय मंडळाच्या अंकात बर्फाचं काय काम, असं संपादकांनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

आधी हे वादळ येतं कुठून ते बघू. वादळ म्हटलं की आपल्याला बंगालचा उपसागर किंवा अरबी समुद्र आठवतो. हिमालयातलं हिवाळी वादळ मात्र पार भूमध्य समुद्राच्या बाजूने येतं. वर्तमानपत्रात 'पश्चिमी विक्षोभ' असा शब्द वाचला असेल, तो हाच. कमी दाबाचा हा पट्टा उंचावरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करत येतो आणि हिमालयाला धडकतो. डोंगर आडवा आला की हवेला वर चढावं लागतं, वर गेली की ती थंड होते आणि सोबत आणलेली वाफ बर्फ होऊन उतरते. कधी कधी दोन-तीन दिवस हे चालूच राहतं. विक्षोभ पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे सुटतात. विदर्भ-मराठवाड्यात अचानक पारा उतरतो तो बऱ्याचदा यामुळेच.

आता रस्त्याचं बघू. कापसासारखा दिसणारा ताजा बर्फसुद्धा एका घनमीटरला ढोबळमानाने शंभर किलो भरतो. सात मीटर रुंदीच्या रस्त्यावर एक मीटर बर्फ साचला, तर फक्त एका किलोमीटरमध्ये सातशे टन वजन झालं. आणि हा मोकळा, ताजा बर्फ. तो बसला, दबला की याच्या कितीतरी पट जड होतो.

पण रस्त्यावर पडलेला बर्फ हा त्यातल्या त्यात साधा प्रश्न. खरा धोका वरच्या उतारावर असतो. साधारण 30 ते 45 अंशांचा उतार हिमस्खलनाला सर्वांत सोयीचा. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फार साचतच नाही, थोडा थोडा गळत राहतो, आणि सपाट जागी तो घसरत नाही. साचलेला बर्फ थराथरांचा असतो. जुन्या थराचा वरचा भाग गारठून भुसभुशीत, साखरेसारखा झालेला असला आणि त्यावर नव्या वादळाने एकदम जड थर टाकला, की मधली पकड सुटते आणि अख्खी लादी खाली येते. घाटातला रस्ता अशा उतारांना आडवा कापत जातो. त्यामुळे वर अर्धा किलोमीटर दूर सुटलेला बर्फ थेट रस्त्यावर येऊन बसतो, येताना दगड आणि मोडलेली झाडं घेऊन. थांबल्यावर तो इतका घट्ट होतो की फावड्याने निघत नाही. हिमस्खलन हा शब्द आपल्या भागाला 2016 च्या फेब्रुवारीत फार जवळून कळला. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद सियाचिनमध्ये सहा दिवस बर्फाखाली राहून जिवंत सापडले आणि 11 फेब्रुवारीला दिल्लीत गेले.

बर्फ पडायचा थांबला, ऊन पडलं, आकाश निळंशार झालं, की पर्यटकांना वाटतं आता निघायला हरकत नाही. माझ्या मते सगळ्यात फसवी वेळ हीच. वादळ नुकतंच सरलेलं असताना वरचे थर अजून बसलेले नसतात. शिवाय दुपारच्या उन्हाने कडेचा बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावर पसरतं आणि ऊन कललं की त्याची काचेसारखी पातळ साय धरते. खालचं डांबर आरपार दिसतं, म्हणून ती काळीच वाटते. रस्ता नुसता ओला आहे, असा ड्रायव्हरचा समज होतो. सावलीतल्या वळणांवर ती दिवसभरसुद्धा टिकते.

इथे थोडं गणित करू, बारावीच्या भौतिकशास्त्राएवढंच. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक सुमारे 0.7 आणि बर्फाच्या काचेवर सुमारे 0.1 धरा. ताशी 30 किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या सपाट रस्त्यावर 5 मीटरमध्ये थांबते. बर्फावर तिला 35 मीटर लागतात. उतार शंभराला पाच असेल तर 70 मीटर. आणि उतार दहाला एक असेल तर? तर ती थांबतच नाही. गुरुत्वाकर्षण जेवढं ओढतं तेवढंच टायर धरतो, मग ब्रेक कितीही दाबा. चारही चाकांना ताकद देणारी मोठी गाडी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ती गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. टायरला बांधलेल्या साखळ्या, पहिला गिअर आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर, उपयोग होतो तो याचा.

डिसेंबर 2024 मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, सोलंग आणि अटल बोगदा यांच्या दरम्यान सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या. रिकाम्या गाड्या उतारावरून घसरत जाताना आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिल्या, काहीजण हसलेही. बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला. त्याआधी 3978 मीटर उंचीची रोहतांग खिंड हिवाळाभर बंदच असायची, त्यामुळे पलीकडे सहलीला जायचा प्रश्नच नव्हता. बोगद्याने लाहौलच्या लोकांची फार मोठी सोय केली, यात वाद नाही. पण बोगद्याचं तोंडसुद्धा तीन हजार मीटरच्या वर आहे आणि तिथवर जाणारा रस्ता उघड्या आभाळाखालीच आहे. खिंड टळली, उतार टळला नाही.

अडकल्यावर काय होतं, याचं सगळ्यात वाईट उदाहरण पाकिस्तानातल्या मरीचं. जानेवारी 2022 मध्ये तिथे बर्फ बघायला गेलेली किमान 22 माणसं रस्त्यात अडकलेल्या गाड्यांमध्ये गेली. काच बंद, हीटरसाठी इंजिन चालू, आणि मागे सायलेन्सर बर्फात बुजलेला. मग कार्बन मोनॉक्साईड आत साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला नुसती झोप येते. म्हणून गाडी अडकलीच तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ पुन्हा पुन्हा उकरायचा, इंजिन थोडाच वेळ चालवायचं आणि एक काच बोटभर उघडी ठेवायची. जाणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढं तरी पाठ करावं.

हे रस्ते उघडे ठेवण्याचं मोठं काम 1960 साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना करते, घाटातल्या यमक जुळवलेल्या पाट्यांमुळे आपल्याला माहीत असलेली बीआरओ. काश्मीरहून लडाखला जाणारी झोजी ला खिंड पूर्वी महिनोन्‌महिने बंद असे. 2025 मध्ये ती फक्त 32 दिवस बंद राहिली आणि 1 एप्रिलला उघडली. बातमीत दिवसांचा आकडा येतो, दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या बर्फाच्या भिंतींचा फोटो येतो. त्या भिंतींमधून यंत्र पुढे नेणारा माणूस मात्र जो उतार कधीही सुटू शकतो त्याच्याच खाली काम करत असतो.

त्याच वर्षी 28 फेब्रुवारीला, उत्तराखंडात बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ बीआरओच्या कामगारांच्या तळावर हिमस्खलन झालं. 54 जण बर्फाखाली सापडले. पोटासाठी घरापासून लांब आलेली ही मजूर माणसं लोखंडी कंटेनरमध्ये राहत होती. राहायला ते काही सुखाचं नव्हे, पण त्या दिवशी त्याच पत्र्याने अनेकांना वाचवलं. 46 जण जिवंत निघाले, 8 गेले. शोधकार्य 2 मार्चला संपलं. 4 मे रोजी बद्रीनाथ मंदिराचे दरवाजे उघडले, तेव्हा यात्रेकरूंच्या गाड्यांसाठी रस्ता मोकळा होता.